कॅमेरा नंतर घ्या, आधी वायर कुठून जाणार ते बघा

मागच्या अंकात घरच्या सीसीटीव्हीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि प्रश्न आले ते धो धो आले. बऱ्याच जणांचं एकच, काका कुठल्या कंपनीचा घेऊ. त्याचं उत्तर इथे मिळणार नाहीये. कॅमेरा तुम्ही काही वर्षांनी बदलणारच आहात, तेव्हा अजून चांगला येईल, स्वस्तात येईल, पण भिंतीत घातलेली वायर आणि भिंतीला पाडलेलं भोक तिथेच राहणार आणि ते चुकलं की परत लांबी, परत रंग आणि परत घरच्यांची बोलणी. म्हणून यावेळी वायर, पाइप, स्क्रू, डबा असलेच प्रश्न घेतलेत. आणि हो, आपल्या घरात कॅमेरा कुठे कुठे आहे हे नावानिशी छापून आणायची हौस कोणाला नसते, त्यामुळे नावं गाळलीत, फक्त ठिकाणं ठेवलीत.

प्रश्न: काका नमस्कार. आम्हाला नव्या टॉवरमध्ये टू बीएचकेचा ताबा मिळालाय, पुढच्या महिन्यात इंटिरिअरचं काम सुरू होईल. मेन डोअर, हॉल, बाल्कनी आणि बाळाची खोली असे चार कॅमेरे हवेत. इंटिरिअरवाला म्हणतो वायरिंगची कटकट कशाला, वायफायचे लावा, तोडफोड नको. आमचे मिस्टर म्हणतात आत्ताच वायर टाकून घेऊ. कोणाचं ऐकू? (मुलुंड)

उत्तर: ताई, मिस्टरांचं ऐका. रोजच ऐका असं नाही म्हणत, पण यावेळी ऐका.

वायफायच्या कॅमेऱ्याला वायर लागत नाही असं जे सांगतात ते अर्धंच सांगतात. त्याला करंट तर लागतोच ना, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्यापाशी एक सॉकेट, त्यात अडॅप्टर, त्यातून लोंबणारी बारीक वायर. मग तोडफोड वाचली कुठे? त्यापेक्षा नेटवर्कची एकच केबल न्या, तिच्यातूनच व्हिडिओ येतो आणि तिच्यातूनच करंट जातो, याला पीओई म्हणतात. याचं जे मूळ स्टँडर्ड आहे ८०२.३एएफ, ते २००३ पासून आहे, त्यात स्विचच्या, म्हणजे सगळ्या नेटवर्क केबल जोडायच्या डब्याच्या, एका पोर्टमधून १५.४ वॅट निघतात आणि शंभर मीटर लांबच्या टोकाला १२.९५ वॅट मिळतील असं धरलेलं असतं. घरातला साधा कॅमेरा रात्री आयआर, म्हणजे अंधारात बघायचा डोळ्यांना न दिसणारा लाइट, लावूनही दहा वॅटच्या आतबाहेरच असतो त्यामुळे पुरतं. फक्त स्विच घेताना डब्यावर ८०२.३एएफ किंवा एटी असं छापलेलं बघूनच घ्या. बाजारात पीओई म्हणून असेही स्वस्त स्विच मिळतात जे समोर काय जोडलंय ते न विचारता सरळ करंट सोडून देतात, त्याला चुकून लॅपटॉप लावलात तर लॅपटॉपची वाट लागू शकते.

दुसरं म्हणजे तुमच्या टॉवरमधला वायफाय. मोबाइलवर वायफायची लिस्ट उघडा, वरच्या, खालच्या, समोरच्या सगळ्यांची नावं दिसतील. स्वस्त वायफाय कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. रात्री नऊला सगळी बिल्डिंग मोबाइल बघत बसली की तुमचा कॅमेरा अडखळणारच.

आता भिंतींचं. नवा टॉवर म्हणताय तर आधी बिल्डरच्या कागदांत बघा मिवान आहे का. मिवानमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात, विटा नसतात, म्हणजे भिंतच लोड घेते, आणि तिथे कटर लावून झिरी मारायची नाही म्हणजे नाही. बऱ्याच बिल्डरांनी ताबा देताना तसं लिहून घेतलेलं असतं. साध्या विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत झिरी चालते, पण कॉलम-बीमला तिथेही हात लावायचा नाही. मग वायर न्यायची कुठून तर फॉल्स सीलिंगच्या वरून, वॉर्डरोबच्या मागून, दाराच्या चौकटीच्या वरून, आणि जिथे काहीच नाही तिथे केसिंग पट्टीतून. त्याआधी इलेक्ट्रिशियनला सांगून बिल्डरने दिलेल्या टीव्हीच्या, टेलिफोनच्या आणि इंटरकॉमच्या पॉइंटमध्ये स्प्रिंग घालून बघा, त्या पाइपा कुठून कुठे गेल्यात ते कळेल. अर्धं काम तिथेच होऊन जातं कधी कधी, आणि टेलिफोनची वायर आता कोण वापरतंय, ओढून काढा आणि तिलाच नवी केबल बांधून आत घ्या.

केबल कॅट ६ घ्या. कॅमेऱ्याला खरं तर कॅट ५ई सुद्धा भरपूर झाली, चार एमबीपीएसच्या (सेकंदाला चार मेगाबिटच्या) व्हिडिओला काय लागतंय, पण भिंतीत एकदाच टाकायची आणि उद्या तिथे वायफायचा पॉइंटही लावता येतो, म्हणून कॅट ६. मात्र पूर्ण तांब्याची. लॅमिंग्टन रोडला एकाच रंगाचे दोन खोके बाजूबाजूला असतात आणि भाव निम्मा असतो, तो निम्मा भाव सीसीएचा, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तिथल्या तिथे तपासायचं तर तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की ठेवून द्या. खोकंही हाताला हलकं लागतं. सीसीएमध्ये रेझिस्टन्स जास्त, करंट नेताना तार तापते, लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज कमी पडतं आणि मग तो रात्री आयआर लागला की बंद पडतो आणि सकाळी चालू होतो. हा आजार ज्यांच्याकडे आहे त्यांनी कॅमेरा बदलण्याआधी केबल तपासा.

पाइप २५ एमएमचा टाका, त्यात चार केबल सुखाने जातात. २० एमएममध्ये दोनच धरा. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, लांब बेंड वापरा, केबल एका इंचाच्या त्रिज्येपेक्षा जास्त दुमडायची नाही आणि ओढताना दोन माणसांनी रस्सीखेच करायची नाही, आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. आणि लाइटच्या २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पाइपात कधीच नाही. समांतर न्यायची असेल तर फूटभर लांब ठेवा, आडवी जायची असेल तर काटकोनात जाऊ द्या. इलेक्ट्रिशियन म्हणेल काही होत नाही हो मॅडम, त्याला म्हणा होऊ दे नाहीतर न होऊ दे, वेगळा पाइप टाक. यात नुसता व्हिडिओ खराब व्हायचा प्रश्न नाहीये, उद्या लाइटच्या वायरचं इन्सुलेशन गेलं तर कॅमेऱ्याच्या बॉडीत करंट येईल.

सगळ्या केबल एकाच जागी येऊ द्या, राउटरपाशी किंवा वॉर्डरोबच्या एका कप्प्यात जिथे हवा खेळती आहे आणि दोन सॉकेट आहेत. मध्ये कुठेही जोड नको. दोन्ही टोकांना मार्करने लिहून ठेवा कुठली कुठे गेलीय. प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे कधी केबल वाढवायची झाली तर ती उपयोगी पडते. कनेक्टरला सगळीकडे एकच क्रम, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, आणि पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू द्यायचा नाही. पीओपीवाला सीलिंग बंद करायच्या आधी टेस्टर लावून आठही तारा तपासून घ्या आणि मेजरटेप धरून फोटो काढून ठेवा. उद्या पंखा लावायला कोणी ड्रिल घेऊन आला की हाच फोटो तुमची केबल वाचवेल.

कॅमेरा कुठे, याबद्दल एक हिशेब सांगतो. अनोळखी माणसाचा चेहरा नीट ओळखू यावा म्हणून एका मीटरला २५० पिक्सेल धरतात. फोर मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २५६० पिक्सेल असतात आणि २.८ एमएमची लेन्स साधारण १०० अंश बघते. गुणाकार भागाकार केला तर चेहरा ओळखू येतो तो चार-सव्वाचार मीटरपर्यंतच, त्याच्यापुढे माणूस दिसतो पण कोण ते कळत नाही. ४ एमएमची लेन्स घेतलीत तर कोन कमी होतो, सहा मीटरपर्यंत चेहरा मिळतो. तुमच्या हॉलला २.८ चालेल. दाराच्या कॅमेऱ्याला माणूस कुठे उभा राहतो ते बघा आणि सात-साडेसात फुटांवर लावा, छताला चिकटवलात तर टोप्याच दिसतील. हॉलमधल्या कॅमेऱ्याचं तोंड बाल्कनीच्या उजेडाकडे करू नका, माणूस काळा ठिपका होतो. तसंच करायचं असेल तर डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड-अंधार एकत्र सांभाळणारी सोय, बघून घ्या. बाल्कनीचा कॅमेरा काचेच्या आत लावून बाहेर बघणार असाल तर रात्री आयआर काचेवरून परत येऊन सगळं पांढरं फक्क होईल, तो बाहेरच लावा.

बाळाच्या खोलीत कॅमेरा आहे हे सांभाळणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगा. लपवून लावायची काही गरज नाही आणि ते बरंही नाही.

प्रश्न: आम्ही चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून चपला, सिलिंडर चोरीला जातात म्हणून दारावर कॅमेरा लावायचाय. शेजारचे म्हणतात आमच्या दारात डोकावेल. आणि लाकडी गॅलरी आहे, तिला ड्रिल चालेल का? (गिरगाव)

उत्तर: शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे, ते आधी घेऊ. चाळीची गॅलरी म्हणजे सगळ्यांचा रस्ता. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून टोकाच्या संडासाला जाणारा प्रत्येक माणूस तुमच्या कॅमेऱ्यात येणार, बायका-पोरी येणार, आणि कोणालाच ते आवडणार नाही. तेव्हा कॅमेरा गॅलरीच्या लांबीच्या दिशेने लावायचाच नाही. तुमच्या दाराच्या वर लावा आणि तोंड खाली करा, म्हणजे त्यात तुमचा उंबरठा, चपलांचं स्टँड आणि सिलिंडर एवढंच येईल. जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्क नावाची सेटिंग असते, त्यात शेजाऱ्यांचं दार काळ्या चौकोनाने झाकून टाका, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा, आणि मग शेजारच्या काकूंना बोलावून मोबाइलवर दाखवा काय दिसतंय ते. नुसतं तोंडाने सांगून कोणी विश्वास ठेवत नाही, दाखवलं की वाद मिटतो. गॅलरी सामायिक असल्यामुळे मालकाला किंवा कमिटीला एक साधं पत्र देऊन ठेवा, पोचही घ्या.

(घरातल्या घरातही हे लागू आहे बरं. एकाच घरात राहणाऱ्या दुसऱ्या हिस्सेदाराची संमती नसताना राहत्या भागात कॅमेरे लावणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलंय आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. भावाभावांत वाद असलेल्या चाळीतल्या खोल्यांवाल्यांनी हे लक्षात ठेवा.)

आता लाकूड. जुनं सागवान चांगलं असेल तर गिट्टी न घालता सरळ लाकडाचे स्क्रू जातात, आधी बारीक बिटने वाट करून घ्या नाहीतर फळी चिरते. पण वाळवी लागलेलं असलं तर वरून रंग छान आणि आत भुसा असतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत गेलं तर तिथे काही लावू नका. भिंतीला लावायचं तर जुन्या चाळींचं विटांचं काम चुन्यातलं असतं, ठिसूळ, हॅमर मोडवर ड्रिल मारलात तर सहाचं भोक दहाचं होतं. हॅमर बंद करा, हळू ड्रिल करा आणि लांब गिट्टी वापरा. प्लास्टरमध्ये नाही, विटेत बसायला हवी.

तुमच्याकडे एकच कॅमेरा आहे, दारामागेच खोली, आत राउटर दहा फुटांवर. यासाठी एनव्हीआर-बिनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवायचा डबा) काही नको. एक पीओई इंजेक्टर (एकाच केबलमध्ये करंट सोडणारा अडॅप्टर) आणि मेमरी कार्ड पुरे. वायर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आत घ्या, भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवा म्हणजे झड आली तरी पाणी आत येणार नाही.

प्रश्न: आमचं घर समुद्रापासून दोन मिनिटांवर आहे. बाहेरचे कॅमेरे दर पावसाळ्यात मरतात. आयपी६७ लिहिलेलं असूनही. बसवणारा म्हणतो खारी हवा आहे, काही करता येत नाही. (वर्सोवा)

उत्तर: खारी हवा आहे हे खरं, काही करता येत नाही हे खोटं.

आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि तो मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. पण ही परीक्षा कॅमेऱ्याच्या बॉडीची असते. त्याच्या मागून जी शेपटी निघते आणि तिला जो नेटवर्कचा सॉकेट असतो, तो बहुतेक वेळा तसाच उघडा भिंतीवर टेप गुंडाळून सोडलेला असतो, आणि मरतं ते तिथे. त्या सॉकेटच्या सोनेरी पिनांवर मिठाची हवा आणि ओल बसते, वर पीओईचा करंट चालू, मग पिना हिरव्या होतात. तुमचा पुढचा कॅमेरा बंद पडला की फेकू नका, आधी तो जोड उघडून बघा, हिरवळ दिसेल. पिना फार खाल्ल्या नसतील तर साफ करून कॅमेरा परत जिवंत होतो पण.

उपाय साधे आहेत. कॅमेऱ्याच्या खोक्यात एक वॉटरप्रूफ टोपी येते, दोन रबरी रिंगा आणि एक फिरकीची नळी, जी बसवणारे नव्वद टक्के वेळा खोक्यातच टाकून जातात कारण ती घालायची तर कनेक्टर जागेवर क्रिम्प करावा, म्हणजे पकडीने दाबून बसवावा, लागतो. ती मागून घ्या आणि वापरा. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीसचा एक ठिपका. मग हा सगळा जोड कॅमेऱ्याच्या मागे प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये, नुसत्या भिंतीवर कधीच नाही. बॉक्समध्ये केबल वरून शिरवायची नाही, खालून किंवा बाजूने शिरवायची, आणि शिरायच्या आधी केबलला खाली एक वाटीसारखा झोळ द्या, म्हणजे पाणी केबलवरून घसरत येऊन त्या झोळाच्या तळाशी टपकून जातं, आत जात नाही. बॉक्सच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन मारा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या तर आत साचलेली वाफ कुठे जाणार?

स्क्रूंकडे कोणी बघत नाही. खोक्यात येतात ते स्क्रू समुद्राजवळ दोन पावसाळे काढत नाहीत, गंज भिंतीवरून लाल ओघळ काढतो आणि तिसऱ्या वर्षी कॅमेरा मान टाकतो. लोहार चाळीत किंवा हार्डवेअरवाल्याकडे एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचे) मागा. ३०४ स्वस्त असतं आणि शहरात आतल्या भागात चालून जातं, पण खाऱ्या हवेत त्यालाही डाग पडतात. लोखंडी ब्रॅकेट नको, त्याला कितीही रंग मारला तरी. केबल बाहेरून जात असेल तर काळ्या पीई आवरणाची आउटडोअर केबल घ्या, घरातली राखाडी पीव्हीसीची केबल उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते आणि मग पाणी आवरणाच्या आतून वाहत सरळ एनव्हीआरपर्यंत येतं, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, भिंतीतल्या सॉकेटमधून थेंब थेंब गळत होतं.

आणि शक्यतो डोम नको. डोमच्या गोल काचेवर मिठाचा पापुद्रा बसला की रात्री आयआर त्याच्यावरच चमकतो आणि चित्र धुक्यासारखं दिसतं. टरेट, म्हणजे वर गोल काच नसलेला कॅमेरा घ्या, त्यात लेन्स आणि आयआर वेगळ्या काचेमागे असतात. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा आणि कोळ्याची जाळी काढा. आयआरकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि रात्री त्याचा पाय लेन्ससमोरून गेला की मोबाइलवर नोटिफिकेशन येतं घरात कोणीतरी शिरलंय.

प्रश्न: सोसायटीच्या ऑफिसपासून मागचं गेट केबलच्या मार्गाने १४० मीटर आहे. एक कोटेशन म्हणतं खास स्विच लावून साध्या केबलवर चालवू, दुसरं म्हणतं फायबर टाका, ते महाग आहे. (चेंबूर)

उत्तर: सेक्रेटरी साहेब, तांब्याच्या नेटवर्क केबलची हद्द शंभर मीटर, त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या कॉर्डही आल्या. काही स्विचमध्ये एक्स्टेंड नावाचं बटण असतं, ते स्पीड १० एमबीपीएसवर आणून अडीचशे मीटर नेतो म्हणतं. एका कॅमेऱ्यासाठी चालूनही जातं पण ते स्टँडर्डमध्ये नाही आणि उद्या गेटवर दुसरा कॅमेरा नाहीतर बूम बॅरिअर लावलात की अडचण. मी असतो तर फायबरच टाकलं असतं. हल्ली फायबर महाग नाही, कोटेशनमध्ये फुगवलेलं असतं ते खोदकाम, ते दोन्हीकडे सारखंच लागतं. शिवाय ज्या फायबर केबलला पोलादी आवरण नसतं तिच्यात धातू नसतो, त्यामुळे उघड्यावर गेटपाशी वीज कडाडली तर तो झटका ऑफिसमधल्या एनव्हीआरपर्यंत येत नाही. गेटच्या केबिनमध्ये करंट आहे ना, मग तिथे छोटा पीओई स्विच डब्यात ठेवा, जमिनीपासून वर. खोदताना पाइप मोठा टाका आणि रिकामी दोरी सोडा. पॅसेजमध्ये कॅमेरे लावणार असाल तर ते ९० अंशांत फिरवून कॉरिडॉर मोडवर टाका, उभं चित्र येतं, नाहीतर अर्धा स्क्रीन दोन बाजूंच्या भिंतीच दाखवतो.

प्रश्न: काका, मी बंगलोरला असतो, आईबाबा दादरला. भाड्याचं घर आहे, मालक ड्रिल करू देत नाही. एक कॅमेरा पुरे, आई पडली वगैरे तर कळायला. (दादर)

उत्तर: अरे मग तुला सिक्युरिटी कॅमेरा नकोच आहे, साधा वायफायचा टेबलावर ठेवायचा बस झाला. फ्रिजवर किंवा शोकेसवर ठेव, सॉकेटजवळ. चिकटपट्टीवर भिंतीला लावू नकोस, पावसात भिंत ओल धरते आणि ऑइल पेंटवरूनही पट्टी सुटते. बेडरूममध्ये लावायचा विचार असेल तर आधी आईला विचार, तुला काळजी आहे ते खरं पण खोली तिची आहे. राउटरला एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावून दे, लाइट गेली तरी नेट राहील. कॅमेरा मात्र बंद होईल, त्यालाही पॉवर बँक लागेल. आणि पडल्याचं कॅमेऱ्यावरून तुला कळेल तेव्हा तू मीटिंगमध्ये असशील, शेजाऱ्यांकडे एक चावी दे.

प्रश्न: तळमजल्यावर घर आहे, चार कॅमेरे घेतोय. एनव्हीआर कुठे ठेवू आणि हार्ड डिस्क किती घेऊ? (भांडुप)

उत्तर: तळमजला आणि भांडुप म्हटल्यावर २६ जुलै २००५ आठवतो, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण घरातल्या कोणाला तरी माहीत असेल, एनव्हीआर आणि त्याचा सॉकेट दोन्ही त्याच्या वर. लोक एनव्हीआर वर ठेवतात आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर. टीव्हीखाली तर ठेवूच नका, चोर घरात शिरला की पहिला तोच उचलतो. पोटमाळा असेल तर तिथे, पण पत्र्याला चिकटून नको, उन्हाळ्यात डिस्क भाजून निघते. चारही बाजूंनी वीतभर हवा हवी.

डिस्कचा हिशेब स्वतः करता येतो. एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) फोर मेगापिक्सेलचा कॅमेरा चार एमबीपीएसवर ठेवला तर सेकंदाला अर्धा एमबी (आठ बिटचा एक बाइट), दिवसाला ४३ जीबी. चार कॅमेऱ्यांचे १७२ जीबी. म्हणजे २ टीबीमध्ये ११ दिवस. दोन एमबीपीएस केलंत तर दुप्पट, आणि बहुतेक घरांना तेवढं चित्र पुरतं. गावाला गणपतीला पंधरा दिवस जाता ना, मग परत आल्यावर पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग सापडेल एवढी डिस्क घ्या. डिस्क सर्व्हेलन्सचीच, ती चोवीस तास लिहिण्यासाठी केलेली असते, कॉम्प्युटरची जुनी काढून लावू नका.

पीओई असल्यामुळे एनव्हीआर, स्विच आणि राउटर या तिघांना एकच यूपीएस लावला की चारही कॅमेरे चालू राहतात. मुंबईत लाइट फारशी जात नाही म्हणून कोणी हा खर्च करत नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसलं तेव्हा लोकलसुद्धा उभ्या राहिल्या होत्या.

प्रश्न: कॅमेरे बसवून वर्ष झालं. आता भीती वाटते की बसवून गेलेल्या माणसाला अजून आमचं घर दिसत असेल का? कसं कळेल? (बोरिवली)

उत्तर: ताई, भीती अगदी रास्त आहे. होतं काय की तो माणूस घाईत असतो, ॲपमध्ये अकाउंट उघडायला ओटीपी लागतो, तो स्वतःच्याच नंबरवर उघडतो आणि तुम्हाला शेअर करून जातो. म्हणजे मालक तो आणि पाहुणे तुम्ही. ॲप उघडून डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये बघा, तिथे शेअर केलेलं असं दिसत असेल तर समजा तसंच झालंय. त्याला फोन करून त्याच्या अकाउंटमधून डिव्हाइस काढायला सांगा आणि मग तुमच्या नंबरवर नव्याने जोडा. तो फोन उचलत नसेल तर एनव्हीआर आणि कॅमेरे रीसेट करा, आणि रीसेट करूनही जुनं अकाउंट सुटलं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला बिल पाठवून सोडवून घ्या. म्हणून बिल जपून ठेवा.

मग एनव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड बदला. हा ॲपच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बसवणारे सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच ठेवतात, त्यांना लक्षात राहावा म्हणून. प्रत्येक कॅमेऱ्यालाही स्वतःचा पासवर्ड असतो. हे नुसतं घाबरवायला सांगत नाहीये, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) जगभरातून गोळा केले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता.

राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद आहे ना बघा. बाहेरून बघायला ॲप पुरतं, त्यासाठी राउटरचं दार उघडं ठेवायची गरज नाही. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर वायफायचे कॅमेरे त्यावर टाका, म्हणजे कॅमेऱ्यात कोणी घुसलं तरी तुमचा लॅपटॉप वेगळा राहतो. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. आणि यापुढे नवा कॅमेरा घेतलात तर दुकानदाराला विचारा सरकारचं नवं सर्टिफिकेशन झालेलं मॉडेल आहे का, एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्यात. जुना स्टॉक खपवायला कोणी फार स्वस्त देत असेल तर तो का स्वस्त आहे तेही विचारा.

पुढच्या वेळी बसवायला माणूस येईल तेव्हा मोबाइल तुमच्या हातात ठेवा, ओटीपी तुमच्याच नंबरवर येऊ द्या, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की त्याला चहा प्यायला बाहेर बसवा.